अकरा महिन्यांचा करार आता पुरे

महाराष्ट्रातल्या शहरात घर भाड्याने द्यायचं म्हटलं की करार अकरा महिन्यांचा, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. एजंटाच्या लॅपटॉपमध्ये मसुदा तयार असतो. नावं, पत्ता आणि आकडे बदलायचे, अंगठ्याचं यंत्र टेबलावर ठेवायचं, आधारची पडताळणी झाली की काम उरकलं. अकराच का, असं विचारलं तर ‘तसा नियम आहे’ हे उत्तर मिळतं. तसा नियम नाही. या सवयीमुळे घरमालकाच्या हातात पडणारं उत्पन्न घटतं, भाडेकरूचं बिऱ्हाड दर वर्षी हलायच्या बेतात असतं आणि ‘त्यापेक्षा कुलूपच बरं’ म्हणणारे मालक वाढतात. छत्तीस महिन्यांचा नोंदणीकृत करार ही आपल्या शहरांतली नेहमीची रीत व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी कायद्यात थोडे बदल लागतील. मालकांच्या हिशेबात मात्र बरेच लागतील.

हे अकरा महिने आले कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायची म्हणून एक महिना कमी, एवढंच त्यामागचं डोकं. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५५ ने ही पळवाट बंद केली. लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता फक्त राहायची परवानगी) असो वा भाडेकरार, मुदत कितीही असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी शिक्षा त्याच कलमात पुढे आहे: नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, आणि ते खोटं ठरवण्याचं ओझं मालकावर येतं. म्हणजे ज्या बचतीसाठी अकरा महिने शोधले गेले, ती बचत पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वीच संपली आहे.

तरीही मालक लांबच्या मुदतीला घाबरतात. ही भीती उगाच आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या सुमाराच्या पातळीवर गोठवली. चाळींच्या दुरुस्त्या थांबल्या, कारण महिन्याच्या भाड्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरीही निघेना. ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात १९९७ मध्ये मान्य केलं. मधल्या काळात या कायद्यातून सुटायला मालकांनी लिव्ह अँड लायसन्सची वाट धरली होती. तेव्हा १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला चालू लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूचं संरक्षण देऊन टाकलं. ज्या घरांनी तो फटका खाल्ला, त्यांनी पुढच्या पिढीला ‘माणूस फार दिवस ठेवू नकोस’ हेच शिकवलं. त्यातून पुढे ‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं’ ही समजूत जन्मली. परवानगीने राहणाऱ्याचा ताबा हा मालकाविरुद्धचा ताबा ठरत नाही. कराराचं कागदपत्र जिवंत असेल तर बारा वर्षांनी काही बदलत नाही.

१९९९ च्या कायद्याने मालकाला दिलेलं हत्यार म्हणजे कलम २४. राहण्यासाठी दिलेल्या घराच्या लायसन्सची मुदत संपली आणि माणूस गेला नाही, तर दिवाणी न्यायालयाच्या रांगेत उभं राहायचं नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत राहणाऱ्याने प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मिळवावी लागते. मुदतीनंतरच्या मुक्कामासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. या सगळ्यात अकरा हा आकडा कुठेही नाही. करार अकरा महिन्यांचा असो वा साठ, लायसन्स हे लायसन्सच राहतं.

आता पैशाकडे येऊ, कारण गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेणाऱ्यांचा सगळ्यात कच्चा हिशेब इथेच असतो. पुण्याच्या उपनगरातला ८० लाखांचा टू बीएचके धरा, भाडं महिना २२ हजार. ज्याने त्याने आपले आकडे घालून पाहावेत. वर्षाचे २ लाख ६४ हजार म्हणजे ३.३ टक्के. बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो. सोसायटीचं मेंटेनन्स महिना साडेतीन हजार, म्हणजे वर्षाला ४२ हजार. मालमत्ता कर १२ हजार. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते, साडेतीन हजार. नळ, गीझर, एक्झॉस्ट, फ्लशची टाकी अशी किरकोळ दुरुस्ती १० हजार. हे साडेसदुसष्ट हजार माणूस बदलो न बदलो, जाणारच. माणूस बदलला की त्यात एक महिना रिकामा गेला तर २२ हजार, मालकाच्या वाट्याची अर्ध्या महिन्याची दलाली ११ हजार, रंग २० हजार, साफसफाई ४ हजार आणि कराराचा खर्च अडीच हजार. ही बेरीज साडेएकोणसाठ हजार. दर वर्षी माणूस बदलला तर हातात १ लाख ३७ हजार उरतात, म्हणजे १.७ टक्के. तीन वर्षांत एकदाच बदलला तर १ लाख ७६ हजारांच्या वर, म्हणजे २.२ टक्के.

फरक वर्षाला ३९ हजार ७०० रुपयांचा आहे, म्हणजे भाड्याच्या १५ टक्के. दर वर्षी दहा टक्के वाढीसाठी चांगला माणूस घालवणारे मालक हा आकडा कधी मांडतच नाहीत.

प्राप्तिकर धरला तर चित्र आणखी उघडं पडतं. भाड्यातून मालकाने स्वतः भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. रंगाला प्रत्यक्षात पाच हजार लागले की पन्नास, करखात्याला त्याचं सोयरसुतक नाही. वरच्या उदाहरणातला मालक ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल आणि कर्ज नसेल, तर कर भरून दरवर्षी माणूस बदलणाऱ्याकडे सुमारे ८७ हजार उरतात आणि तीन वर्षं टिकवणाऱ्याकडे सुमारे १ लाख २३ हजार. ८० लाखांवर १.१ टक्का आणि १.५ टक्का. कर्ज असेल तर ६० लाखांचा, साडेआठ टक्क्यांचा, वीस वर्षांचा हप्ताच ५२ हजारांच्या आसपास जातो. ‘भाड्यातून हप्ता फिटेल’ हे विक्रीच्या टेबलावरचं वाक्य आहे, त्याला गणिताचा आधार नाही. महिन्याला तीस हजार खिशातून घालायची तयारी असेल तरच पुढे जावं. नव्या करप्रणालीत भाड्यापेक्षा व्याज जास्त झालं तर तो तोटा पगारातून वजा करता येत नाही, हेही आधीच पाहावं.

‘भाडं गौण, किंमत वाढते ती खरी कमाई’ असं यावर म्हटलं जातं. किंमत वाढतेही. पण या विचारानेच घरं बंद पडतात. बंद घर काही फुकट उभं राहत नाही. मेंटेनन्स आणि कर चालूच राहतात, शिवाय घर आतून बिघडतं. नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या वाकड्या पाइपातलं, पाणी सुकलं की गटाराचा वास आणि झुरळं वर येतात. नळांचे वॉशर कडक होतात आणि पहिल्या वापरालाच गळतात. पावसाळ्यात कपाटांच्या मागच्या बाजूला बुरशी धरते, दारं फुगतात. दोन पावसाळे बंद राहिलेला फ्लॅट भाड्याने देण्याजोगा करायला बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांचं भाडं जातं.

हे एकेका मालकापुरतं राहत नाही. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत दिलंय की शहरांतल्या घरांमध्ये भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, तो २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आला. त्याच पाहणीत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी असल्याची नोंद आहे, देशातल्या शहरांत सर्वाधिक. ज्या शहरात माणसं विरार आणि कर्जतहून उभ्याने प्रवास करतात, तिथली ही संख्या आहे. या मालकांना नुसतं लोभी म्हणून चालणार नाही. दोन टक्क्यांसाठी दर वर्षी शोधाशोध, सोसायटीची कटकट आणि ताबा अडकण्याची धास्ती कोण घेईल? कटकट कमी केली, तर यातली काही घरं तरी उघडतील.

अकरा महिन्यांची आणखी एक खोडी फारशी कुणी लक्षात घेत नाही. १ जूनला सुरू झालेला करार ३० एप्रिलला संपतो. पुढचा १ मे ते ३१ मार्च. त्याच्या पुढचा फेब्रुवारीअखेर. दर वेळी मुदत एक महिना मागे सरकते आणि तिसऱ्या वर्षी ती थेट वार्षिक परीक्षांच्या तोंडावर येते. शाळेतली मुलं असलेलं कुटुंब मे-जूनमध्ये घर शोधतं. मार्चमध्ये शोधणारी कुटुंबं कमी. म्हणून मार्चमध्ये रिकामा झालेला फ्लॅट एकतर जूनपर्यंत पडून राहतो, नाहीतर मिळेल त्याला कमी भाड्यात जातो. यात दोष बाजाराचा नाही, करारातल्या तारखेचा आहे.

‘पण आम्ही त्याच माणसाला नूतनीकरण करून देतो’ असं अनेक जण म्हणतील. बहुतेक चांगले मालक तेच करतात. मात्र भाडेकरूला ते नवव्या महिन्यात माहीत नसतं. तो दुसरीकडे चौकशी सुरू करतो, एखादं घर आवडतं, आणि ज्याला घालवायचं नव्हतं तोच जातो. दुसरं म्हणजे, नूतनीकरण वेळेवर होत नाही. ‘करू पुढच्या महिन्यात’ म्हणत चार महिने विनाकरार जातात. त्या चार महिन्यांत मालकाच्या हातात चालू मुदतीचा कागद नसतो आणि भाडेकरूला पासपोर्ट, गॅसजोडणी किंवा शाळाप्रवेशासाठी पत्त्याचा पुरावा नसतो.

खर्चाचं म्हणाल तर लांब करार स्वस्त पडतो. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते मोजायचं एकूण भाडं, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परताव्याच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. २२ हजार भाडं, दर वर्षी ५ टक्के वाढ आणि ६६ हजार डिपॉझिट घेतलं तर छत्तीस महिन्यांची बेरीज ८ लाख ५२ हजार ६० होते आणि शुल्क सुमारे २ हजार १३० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार. म्हणजे ३ हजार १३०. अकरा महिन्यांच्या एकाच कराराला शुल्क आणि फी मिळून १ हजार ६२० लागतात. असे तीन केले की ४ हजार ८६०, शिवाय एजंटाची फी तीनदा.

छत्तीस महिन्यांच्या करारात काय असावं? पहिले बारा महिने लॉक-इन, म्हणजे या काळात करार मोडायचा नाही, आणि ते दोघांनाही सारखं. त्यानंतर भाडेकरूला दोन महिन्यांच्या आणि मालकाला तीन महिन्यांच्या लेखी नोटिशीवर बाहेर पडता यावं. नोकरीत बदली होणाऱ्याला आणि फ्लॅट विकायची पाळी आलेल्याला, दोघांनाही यातून वाट मिळते. दर बारा महिन्यांनी किती टक्के वाढ, हे आकड्यात लिहावं. ‘परस्पर संमतीने’ या दोन शब्दांइतके वाद दुसऱ्या कशाने होत नाहीत. नोटीस कोणत्या ई-मेलवर आणि कोणत्या पत्त्यावर दिली की पोचली असं धरायचं, तेही लिहावं. नोटिशीची मुदत संपली की लायसन्सची मुदतही संपली असं दोघे मान्य करतात, हे वाक्य जरूर घालावं. त्याचं कारण पुढे येतं.

दुरुस्तीचं कलम मोघम असतं तिथे संबंध बिघडतात. हजार रुपयांपर्यंतची किरकोळ कामं, म्हणजे बल्ब, वॉशर, तुंबलेलं सिंक, राहणाऱ्याची. भिंतीतली पाइपलाइन, वायरिंग, गीझर आणि गळती मालकाची. गीझरला टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर एलिमेंटवर थर चढतो आणि आतली मॅग्नेशियमची सळई झिजते. ती साधारण दोन वर्षांनी बदलली तर टाकी वाचते. हा खर्च मालकाने आपणहून करावा, कारण टाकी फुटली तर खर्च त्याच्यावरच येतो.

सगळ्यात महाग दुखणं म्हणजे बाथरूमची गळती. खालच्या मजल्यावरच्या छताला ओल येते, सोसायटीचं पत्र येतं, आणि आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) घराच्या आतल्या गळतीचा खर्च सभासदाचा असतो. बाहेरची भिंत आणि गच्ची यांची गळती सोसायटीकडे जाते. पाणी बहुधा फरशीतून झिरपत नाही. नहाणी ट्रॅपच्या भोवतालचा सांधा किंवा कमोडच्या पाइपजवळची फट, या दोन जागा आधी तपासाव्यात. नीट दुरुस्ती म्हणजे फरशी उचलणं, जुना कोबा काढणं, रसायनाचे थर, त्यावर ४८ तास पाणी साठवून चाचणी, मग पुन्हा फरशी आणि सांध्यांत एपॉक्सी. आठ-दहा दिवस बाथरूम बंद. वन बीएचकेमध्ये माणूस राहत असताना हे करणं म्हणजे त्याला घराबाहेर काढणंच. म्हणून घर देण्याआधी, ते रिकामं असतानाच, ट्रॅपला बोळा लावून दोन इंच पाणी ४८ तास साठवावं आणि खालच्या शेजाऱ्यांचं छत पाहून यावं. ही चाचणी फुकटात होते आणि बहुतेक मालक ती करत नाहीत. राहत असतानाच काम निघालं तर तितक्या दिवसांचं भाडं माफ, हेही करारात लिहून ठेवावं.

ताबा देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, महावितरणच्या मीटरचं रीडिंग, किल्ल्यांची संख्या, उपकरणांचे अनुक्रमांक, हे सगळं त्याच दिवशी दोघांच्या ई-मेलवर जावं. घर सोडताना निम्मे वाद यानेच मिटतात. उरलेले निम्मे रंगाचे. आतल्या भिंतीचा साधा रंग तीन वर्षं टिकतो असं धरलं, तर तीन वर्षं राहिलेल्याकडून रंगाचा एक पैसाही कापू नये. वर्षभरात भोकं पाडून, रेघोट्या मारून गेलेल्याकडून फार तर दोन तृतीयांश कापावेत. नेहमीच्या वापराने होणारी झीज हा मालकाचा खर्च आहे. भाडं त्यासाठीच घेतलेलं असतं.

डिपॉझिटबद्दल मालकांना कडक शब्दांत सांगायला हवं. ते पैसे मालकाचे नाहीत. पुण्यात दोन-तीन महिन्यांचं, मुंबईत अनेकदा त्याहून जास्त डिपॉझिट घेतात, आणि बरेच जण ते खर्चून बसतात. मग जुना भाडेकरू निघाला की ‘नवीन माणूस आला की देतो’ असं सुरू होतं. दुसऱ्या घराचं डिपॉझिट भरायला त्याच पैशावर अवलंबून असलेल्या कुटुंबाचं यात काय होतं, याचा विचार करावा. मुदत ठेवीत वेगळी ठेवलेली रक्कम, किल्ल्या मिळाल्यापासून सात दिवसांत परतावा, आणि कपात असेल तर बिलासह, एवढं जमत नसेल तर घर भाड्याने देऊच नये.

भाडं थकलं की मालक दोन टोकांच्या चुका करतात. काही जण डिपॉझिट संपेपर्यंत थांबतात. तीन महिन्यांचं डिपॉझिट आहे म्हणजे तीन महिने सुरक्षित, हा भ्रम आहे; नोटिशीचे दिवस, अर्ज, समन्स आणि त्यानंतरचे तीस दिवस धरले तर सगळं सुरळीत चाललं तरी तीन-चार महिने जातात, आणि सगळं सुरळीत क्वचितच चालतं. म्हणून दहा तारखेपर्यंत भाडं आलं नाही तर ई-मेल, महिना उलटला की स्पीड पोस्टने नोटीस, हा क्रम ओळखीचा माणूस असला तरी मोडू नये. दुसरे उतावीळ होऊन वीज-पाणी तोडतात किंवा कुलूप बदलतात. तसं केलं की हक्काची बाजू असलेला मालकच पोलीस ठाण्यात उत्तर देत बसतो. पोलीस पडताळणी मात्र सुरुवातीलाच, महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर करून पोच जपून ठेवावी. पोलीस आयुक्तांचा तसा आदेश असतो आणि तो मोडल्याचा गुन्हा मालकावर लागतो.

सोसायट्यांचा वाटा यात मोठा आहे. फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे आगाऊ लेखी सूचना, कराराची प्रत आणि पोलीस पडताळणीचा कागद पुरेसा आहे. तरीही ‘एनओसी आणा’, ‘कमिटीसमोर मुलाखत’, ‘अविवाहित नको’, ‘अमुक आहार आणि अमुक धर्माचे नको’, ‘करार अकरा महिन्यांचाच हवा’ असे ठराव होतात. यातल्या कशालाही उपविधींचा आधार नाही, आणि धर्म-आहारावरून माणसं नाकारणं तर आपल्या शहरांना शोभत नाही. त्याचा भुर्दंड मालकालाही बसतो: हिंजवडी-खराडीसारख्या भागात नोकरदार अविवाहित वगळले की मागणीतला मोठा वाटाच जातो आणि घर रिकामं राहतं. बिनभोगवटा शुल्काचंही तसंच. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर नेता येत नाही, आणि हे सेवाशुल्क महापालिकेचे कर वगळून धरायचं असतं. मुंबई उच्च न्यायालयाने हा आदेश उचलून धरला आहे. जास्त आकारणी झाली तर सभासदाने सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे लेखी जावं.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी मालकांनी एक गोष्ट करारातच स्पष्ट करावी. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, भाडेकरूने त्यातून करकपात करून ती भरायची असते, साधारण ३१.२ टक्के. निवासी मालकाच्या बाबतीत महिना ५० हजारांच्या वरच कपात लागते, म्हणून बहुतेक भाडेकरूंना हे माहीतच नसतं. कपात केली नाही तर नोटीस भाडेकरूला येते. मालकाने प्राप्तिकर खात्याकडून कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र आधीच मिळवून त्याच्या हातात द्यावं. गावाकडच्या भावाच्या खात्यात भाडं घेऊन हा प्रश्न सुटत नाही, लांबतो.

सरकारने काय करावं? पहिलं, कलम २४ दुरुस्त करावं. त्याची भाषा ‘लायसन्सची मुदत संपल्यावर’ अशी आहे. छत्तीस महिन्यांच्या करारात सातव्या महिन्यात भाडं थकलं आणि मालकाने करार रद्द केला, तर ती मुदत ‘संपली’ का, यावर वाद घालायला जागा राहते. लांबच्या कराराविरुद्ध मालकांचा हाच एक आक्षेप खरोखर वजनदार आहे, आणि वर सांगितलेलं वाक्य तो कमी करतं, मिटवत नाही. ‘करारातील अटीनुसार नोटीस देऊन केलेली समाप्ती ही मुदतसमाप्तीच समजली जाईल’ एवढी पुस्ती विधिमंडळाने जोडली तर प्रश्न संपतो. दुसरं, सक्षम प्राधिकाऱ्यांची संख्या वाढवून निकालाला बंधनकारक कालमर्यादा घालावी. तिसरं, भाडेकरूसाठी: केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराच्या डिपॉझिटला दोन महिन्यांची मर्यादा आहे. ताबा लवकर मिळण्याची हमी दिली तर मालकांनाही ती मर्यादा मान्य व्हायला हरकत नाही. या दोन गोष्टी एकत्रच आणाव्यात. चौथं, मालमत्ता कर. पुणे महापालिकेत स्वतः राहत्या घराला ४० टक्के सवलत मिळते आणि घर भाड्याने दिलं की ती जाते. तीन वर्षांच्या नोंदणीकृत करारावर दिलेल्या घराला तिच्यातला अर्धा भाग जरी परत दिला, तरी बंद घर उघडायला मालकाला एक ठोस कारण मिळेल.

या दुरुस्त्या होतील तेव्हा होतील. करार लांबवायला त्यांची वाट पाहायची गरज नाही. ज्यांचा करार येत्या ३० एप्रिलला संपतोय आणि माणूस चांगला आहे, त्यांनी फेब्रुवारीतच त्याच्याशी बोलावं. नवा करार १ मेपासून सदतीस महिन्यांचा करावा. तो ३१ मे रोजी, शाळांच्या सुट्टीत संपेल, आणि त्यानंतरचे करार छत्तीसच्या पटीत केले की ती तारीख पुन्हा सरकणार नाही.